शेवटचा वाफा आधी

'विहिरीत आमचा चार आणे हिस्सा आहे,' असं आमच्याकडे अजूनही बोलतात. आणे चलनातून कधीच गेले, विहिरी मात्र त्यांतच वाटून घेतलेल्या. आणि या हिश्श्यांवरून भाऊबंदकीत काय काय होतं, ते ज्याच्या गावाकडे सामाईक विहीर आहे त्याला सांगायला नको. तरीही साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी मिळून भाजीबाग काढली. वाफे ज्याचे त्याला, नळ मात्र एकच.

शहरी माणसाला पाणी वाटायचं म्हटलं की आधी घड्याळ आठवतं. त्याप्रमाणे वेळापत्रक झालं, लॅमिनेट होऊन नळाशेजारी लटकलं. प्रत्येक वाफ्याला दहा मिनिटं. कागदावर बिनतोड! पण टाकी तुडुंब असताना पहिल्याची दहा मिनिटं धो धो वाहायची आणि टाकी तळाला गेल्यावर कुंपणाजवळच्या शेवटच्या वाफ्यात करंगळीएवढी धार पडायची. शिवाय अळूला सतत ओल लागते, तर मेथीला पाणी साचलं की मुळं कुजतात. दोघांनाही दहाच मिनिटं. (पाइप वाफ्यात सोडून फोनवर बोलत फिरणाऱ्यांची जमात वेगळीच. त्यांच्या मेथीची कधी भाजी झाली नाही, चिखल झाला.)

तोडगा काढला तो कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या काकांनी. त्यांची उमेदीची वर्षं धोम धरणाच्या कालव्यावर गेलेली. एका संध्याकाळी काकू आणि वहिनींची नळापाशी जुंपली होती, तेव्हा ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "आवो, शेजपाळी लावा की. आधी शेवटचा वाफा."

कालव्याच्या चारीवर, म्हणजे रानात पाणी नेणाऱ्या पाटावर, हीच रीत. कोणामागून कोण हे आधी ठरलेलं आणि पाळी सुरू होते ती टेलकडून. चारीच्या शेवटाला ज्याचं रान त्याचं भिजणं आधी, तोंडाशी बसलेल्याचं सगळ्यात मागून. वरवर बघता तोंडाशी असलेल्यावर अन्यायच. काकांचा हिशेब असा, की वरच्याच्या दारातूनच पाणी जातं, त्याला ते चुकत नाही. त्याला पहिला नंबर दिला तर आपलं रान भिजलं की तो निवांत. पुढं चारी फुटो नाहीतर कोणी मध्येच दारं फोडून पाणी वळवो, त्याला काय त्याचं? तोच शेवटी असला की पाणी कुठं मुरतंय, कोण जास्त वेळ दारं धरून बसलंय, याची राखण तो फुकटात करतो. कारण खाली वेळ गेला की लांबते ती त्याचीच पाळी.

मला यावर लिंब गावची बारा मोटांची विहीर आठवली. साताऱ्याहून जवळच, शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी बांधवलेली. एकशे दहा फूट खोल, पन्नास फूट रुंद. नावात बारा मोटा असल्या तरी जागा पंधरा मोटांची आहे. आमराईसाठी बांधली असं सांगतात. विहीर कोणी आणि कोणत्या शकात बांधली ते तिथल्या शिलालेखात वाचायला मिळतं. पण एवढ्या मोटा चालायच्या तेव्हा कुठली आधी जुंपायची, कोणाचे बैल कधी सोडायचे, हे ठरवणारा कोणीतरी काठी टेकणारा तिथेही असणारच. त्याचं नाव दगडावर आलेलं नाही. लोक त्या विहिरीवर जाऊन तिच्यातल्या महालाचे फोटो काढतात. मला त्या माणसाला भेटायला आवडलं असतं.

आमच्याकडे काकांचं म्हणणं महिन्याभरात पटलं. नळाला लागून वाफा असलेल्या काकूंचा नंबर आता शेवटचा, त्यामुळे पाइपच्या जोडावर त्यांची करडी नजर. तिथून फवारा उडायचा, तर त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. फोनवाल्यांना तर त्या लांबूनच हाक मारतात, "अहो, वाफा भरला तुमचा!" लॅमिनेटचा कागद अजून लटकतोय, पण आता त्यावर कोणीतरी दुधाचा हिशेब लिहिलाय.

वाद एकच उरलाय. अळूला पाणी जास्त जातं, तेव्हा अळूवाल्यांनी मोटारीच्या बिलाची वर्गणी जास्त द्यावी, असा ठराव आलाय. अळूवाल्यांचं उत्तर तयार आहे: फदफदं केलं की वाट्या कोणाकोणाच्या घरी जातात, ते आधी मोजा.