एका झिजलेल्या टेपवरची मते

न्यू जर्सीतील एडिसन येथे, व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या एका लहान दुकानात मी १९९० नंतरची काही वर्षे नोकरी केली. तेथील एका सोमवारविषयी मला लिहायचे आहे, कारण त्या दिवशी एकाच चित्रपटाविषयी इतकी वेगवेगळी मते माझ्यापुढे आली की त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

चित्रपट होता १९८७ सालचा ‘हार्ड टिकेट टू हवाई’. त्याचे दिग्दर्शक अँडी सिडारिस हे मूळचे दूरचित्रवाणीवरील क्रीडाप्रक्षेपणातले मोठे नाव. अमेरिकेतील एबीसी वाहिनीसाठी त्यांनी अमेरिकन फुटबॉलचे सामने आणि ऑलिंपिक यांचे दिग्दर्शन केले होते. पुढे पत्नी आर्लीन यांच्याबरोबर त्यांनी थोड्या पैशांत, बहुतेक हवाई बेटांवर, एका ठरावीक धाटणीचे चित्रपट काढले: ‘प्लेबॉय’ मासिकातून प्रसिद्ध झालेल्या तरुणी गुप्तहेर किंवा पोलीस अधिकारी म्हणून घ्यायच्या, त्यांच्या हाती बंदुका द्यायच्या, मध्येमध्ये स्नानाची आणि प्रणयाची दृश्ये पेरायची आणि कथेला स्फोटांनी पुढे ढकलायचे. या चित्रपटात मोलोकाई बेटावर मालवाहू विमान चालवणाऱ्या दोन तरुणी आहेत, दूरनियंत्रित खेळण्यातल्या हेलिकॉप्टरमधून येणारे चोरीचे हिरे आहेत, विषारी प्रयोगामुळे घातक झालेला एक अजगर आहे आणि कडेला पाती बसवलेली एक फ्रिस्बी, म्हणजे फेकून खेळायची चकतीही आहे. नायकाच्या भूमिकेत रॉन मॉस आहेत, जे त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ या मालिकेतील रिज म्हणून घरोघरी पोहोचले. आमच्या मालकांनी हे हेरून कॅसेटच्या डब्यावर ‘यात रिज आहे’ अशी चिठ्ठी चिकटवली होती, आणि त्या चिठ्ठीमुळे चित्रपटाचा ग्राहकच बदलून गेला होता.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातील एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. दुकानासाठी येणारी नवी कॅसेट त्या काळी साधारण ऐंशी-नव्वद डॉलरना पडत असे, आणि ती आम्ही दोन-तीन डॉलरना भाड्याने देत असू. अमेरिकी कायद्याप्रमाणे एकदा विकत घेतलेली प्रत भाड्याने देण्याचा हक्क दुकानाचाच असल्याने निर्मात्याला त्या भाड्यातील वाटा द्यावा लागत नसे. पण प्रत तीसचाळीस वेळा बाहेर गेल्याशिवाय तिची किंमतही वसूल होत नसे. म्हणून कोणती कॅसेट घ्यायची हा निर्णय लहान दुकानासाठी जीवनमरणाचा असे. तो निर्णय मात्र बहुतेक दुकानदार चित्रपट न पाहता, वितरकाच्या प्रतिनिधीने समोर धरलेल्या रंगीत पत्रकावरून घेत. वितरकांकडून पाहण्यासाठी आगाऊ कॅसेटही येत, पण त्या पाहण्याची तसदी किती जण घेत, हे मी जवळून पाहिले आहे. प्रेक्षकाला काय आवडते हे प्रेक्षकाला न विचारता ठरवण्याची ही पद्धत मला तेव्हाही खटकत होती.

सोमवारी सकाळी परतीची पेटी शनिवार-रविवारच्या कॅसेटांनी भरलेली असे. प्रत्येक कॅसेट काढून, ती कोठे थांबली आहे ते खिडकीतून पाहून, मगच मी ती उलट गुंडाळायला यंत्रात घालत असे. बाकीचे सहकारी हे पाहणे वाया गेलेला वेळ मानत. परंतु टेप पाव अंतरावर थांबून परत आली असेल तर त्या घरात चित्रपट पाव अंतरावर सोडून दिला गेला, हे कोणत्याही अभिप्रायापेक्षा स्पष्ट मत होते.

त्या सोमवारी दुकान उघडताच एक तरुण ‘हार्ड टिकेट’ घेऊन आला. एके ठिकाणी चित्र फाटते, पांढऱ्या रेघा येतात आणि त्यानंतर आपल्या व्हीसीआरमध्ये दुसरी कोणतीही कॅसेट नीट दिसत नाही, अशी त्याची तक्रार होती. चित्रपट कसा वाटला असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला की निव्वळ टाकाऊ आहे, मारामारी खोटी आहे आणि डब्यावर जे दाखवले आहे त्याच्या निम्मेही आत नाही. मी त्याचे पैसे परत केले आणि कॅसेट मागच्या टेबलावर नेली.

या कामाचा मला अभिमान होता, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. व्हीसीआरमधील गोल ड्रम मिनिटाला १८०० फेरे घेतो आणि त्यावरची हेडे, म्हणजे टेपवरील चित्र वाचणारी टोके, तिरक्या रेषांत वाचत जातात. चित्रपट चालू असताना टेप सेकंदाला साधारण सव्वातीन सेंटिमीटर पुढे सरकते, त्यामुळे कोणत्याही एका जागेवर हेडे क्षणभरच घासतात. प्रेक्षकाने चित्र थांबवले की टेप थांबते, पण ड्रम थांबत नाही. तीच हेडे त्याच रेषेवर सेकंदाला अनेक वेळा फिरत राहतात आणि टेपवरील ऑक्साइडचा थर, ज्यात चित्र नोंदलेले असते, खरवडतात. म्हणूनच काही मिनिटे चित्र थांबलेले राहिल्यास यंत्र आपोआप बंद होईल अशी सोय कारखान्यांनी केली होती. शेकडो घरांतून फिरलेल्या कॅसेटवर जेथे पुन्हा पुन्हा चित्र थांबवले गेले असेल, तेथे टेपची चकाकी बदलते, पडद्यावर पांढरे ठिपके आणि रेघा उमटतात आणि सुटलेली भुकटी पुढच्या ग्राहकाच्या हेडवर जाऊन बसते. त्या तरुणाचा व्हीसीआर बिघडला नव्हता. हेड अल्कोहोलने पुसले की तो पूर्ववत झाला असता, आणि तसे मी त्याला सांगितलेही.

मी हेड साफ केले, कॅसेट लावली आणि झिजलेल्या जागा घड्याळाच्या वेळेनुसार लिहून घेऊ लागलो. स्नानाच्या आणि प्रणयाच्या दृश्यांवर झीज असणार हे मी गृहीत धरले होते आणि ती होतीही, पण हलकी. सगळ्यांत जास्त खराब झालेला तुकडा पाती लावलेल्या फ्रिस्बीचा होता. त्याखालोखाल, स्केटबोर्डवरून येणाऱ्या मारेकऱ्याला बाझूकाने उडवले जाते तेथील. ज्या कॅसेटविषयी आमच्याकडे कुजबुजत बोलले जाई, जी लोक दोन सभ्य चित्रपटांच्या मध्ये ठेवून काउंटरवर आणत, तिच्यावर प्रेक्षकांनी बोट ठेवून थांबवलेली जागा अंगप्रदर्शनाची नव्हती. मी कॅसेट मागे नेऊन तोच भाग पुन्हा तपासला. झाकण उघडून दिव्याच्या तिरक्या उजेडात टेपही पाहिली. निष्कर्ष तोच राहिला.

दुपारी एक बाई दुसरी कॅसेट परत करायला आल्या. रिजची चिठ्ठी पाहून त्यांनी काही दिवसांपूर्वी हा चित्रपट नेला होता, आणि टेबलावरचा डबा पाहून त्या आपणहून बोलू लागल्या. त्या म्हणाल्या की रिजसाठी नेला खरा, पण रिज त्यांना फारसा आवडला नाही. आवडले ते त्या दोघींचे विमान चालवणे, हिशेब ठेवणे, एकमेकींशी बोलणे आणि प्रसंगी गोळी झाडणे. उघडी दृश्ये कशासाठी घातली आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, तेवढा वेळ आपण कपड्यांच्या घड्या घातल्या, असेही त्यांनी सांगितले. शेवटी अजगराला मारायला मोटारसायकलवरून पुरुषच येतो, याचा मात्र त्यांना मनापासून राग आला होता.

संध्याकाळच्या सुमारास, मुलाकडे राहायला आलेले पुण्याचे एक काका आले. एडिसनमधील भारतीय वस्तीच्या ओक ट्री रोड परिसरातील किराणा दुकानांतही हिंदी चित्रपटांच्या कॅसेट मिळत, पण तेथील मालक घरातल्या सगळ्यांना ओळखत असल्यामुळे काही कॅसेटांसाठी आपली माणसे आमच्याकडेच येत. काकांच्या पत्नी पुण्यात स्टार प्लसवर रिजची मालिका पाहत असत आणि त्यांच्याच आग्रहामुळे ही कॅसेट घरी गेली होती.

“हिने पहिल्या वीस मिनिटांतच उठून स्वयंपाकघर गाठले,” काका म्हणाले, “पण मी शेवटपर्यंत पाहिला. अहो, मी जन्मभर यंत्रशाळेत काढला. त्या चकतीच्या कडेला पाती बसवली आहेत ना, तेथे वजन कडेला गेल्यामुळे ती जास्त स्थिर फिरेल, एवढे त्यांनी बरोबर धरले आहे. पण ज्याने फेकायची त्याच्या बोटांचे काय? मी ते थांबवून पाहिले, पकड नीट दिसतच नाही.”

“काका, तुम्हाला चित्रपट आवडला का?” मी विचारले.

“आवडण्याचा प्रश्न नाही,” ते म्हणाले. “ज्याने केला त्याला करताना मजा आली असणार, हे कळते. उरलेल्या गोष्टींवर माझ्या वयाच्या माणसाने मत देऊ नये.”

ते गेल्यावर थोड्याच वेळात वितरकाचा प्रतिनिधी आला. नव्या कामुक थरारपटांची पत्रके त्याने टेबलावर मांडली आणि या प्रकारात लोकांना फक्त एकच गोष्ट हवी असते, हे त्याचे नेहमीचे वाक्य उच्चारले. असे चित्रपट कोण नेतात हे कळले तर आपल्याला नेमका माल देता येईल, म्हणून त्याने आमच्या संगणकातील ग्राहकांची यादी मागितली. ती देणे शक्यच नव्हते. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी नाव सुचवलेल्या रॉबर्ट बोर्क यांनी भाड्याने नेलेल्या चित्रपटांची यादी वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने छापली, आणि त्यात आक्षेपार्ह काहीही नसतानाही अमेरिकी संसदेने पुढच्याच वर्षी कायदा करून कोणत्या ग्राहकाने कोणती कॅसेट नेली हे त्याच्या संमतीवाचून इतरांना सांगण्यास दुकानांना मनाई केली. मला हा कायदा आजही अतिशय योग्य वाटतो. आपण काय पाहतो हे कोणी पाहत नाही अशी खात्री असल्याशिवाय माणूस खरे मत बनवूच शकत नाही.

यादीऐवजी मी त्याला टेप दाखवली. झिजलेल्या जागांची वेळ लिहिलेला कागद पुढे ठेवला आणि फ्रिस्बीचा तुकडा पडद्यावर लावला. त्याने तो पाहिला आणि कोणाच्या तरी घरी टेलिफोन आला असेल, म्हणून चित्र थांबवले गेले असेल, असे सांगून पत्रके पुढे सरकवली. टेलिफोन प्रत्येक घरात त्याच दृश्याला येत नाही, हे मी त्याला म्हणालो. आमचे मालक त्याच्या बाजूने होते. सिडारिसच्या पुढच्या चित्रपटाची माझी मागणी बाजूला राहिली आणि पत्रकावर स्त्रीची उघडी पाठ असलेले दोन थरारपट घेतले गेले, ज्यांच्या कॅसेटा पुढे सोमवारी परतीच्या पेटीत पाव अंतरावर थांबलेल्या सापडत.

गेल्या काही वर्षांत हा चित्रपट पुन्हा पाहिला जाऊ लागला आहे. आता तो मित्रमंडळी जमवून, मोठ्याने हसत पाहिला जातो, आणि तो इतका वाईट आहे की चांगला वाटतो, असे त्याच्याविषयी म्हणतात. हे मत मला त्या प्रतिनिधीच्या मताइतकेच उथळ वाटते. माझ्या काउंटरपलीकडचा कोणीही हसत नव्हता. तक्रार घेऊन आलेल्या तरुणाला मारामारी खोटी वाटली याचा अर्थ ती खरी असावी अशी त्याची अपेक्षा होती. बाईंनी नायिकांच्या कामाचा विचार केला होता. काकांनी चकतीची पकड तपासली होती. यांपैकी एकानेही चित्रपटाला उत्तम म्हटले नाही, पण प्रत्येकाने त्यातील काहीतरी गंभीरपणे घेतले होते आणि काहीतरी विचारपूर्वक नाकारले होते. कमी पैशांत केलेल्या, लाजत नेल्या जाणाऱ्या चित्रपटाचा प्रेक्षक असा वेचून पाहतो, ही गोष्ट विकणाऱ्यांनी तेव्हा मानली नाही आणि हसणारे आता मानत नाहीत.

एक प्रश्न मात्र टेपवरून सुटत नाही. काकांनी चित्र थांबवले ते युक्ती समजून घेण्यासाठी. परंतु त्यांच्याआधी ज्या अनोळखी हातांनी नेमके तेच चित्र थांबवून ती जागा खरवडली, त्यांना युक्ती पाहायची होती की रक्त, हे मला ठरवता येत नाही. थर दोन्ही कारणांनी सारखाच झिजतो. यांपैकी पहिले कारण खरे असावे असे मला वाटते, आणि तसे वाटण्यास त्या काकांच्या बोलण्याखेरीज माझ्याकडे दुसरा आधार नाही.