गासादालुरचा डोंगर आणि सोयरीक

उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर गाडीने फिरताना सगळं फार सोपं वाटतं. वागार बेटाच्या पश्चिम टोकाला गासादालुर हे चिमुकलं गाव आहे. समुद्रात कोसळणाऱ्या धबधब्याचा फोटो काढायला झाडून सगळे तिथं जातात. बोगद्यातून मीही दोन मिनिटांत पोचलो असतो, पण आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "डोंगरावरून जा, मग कळेल."

बोगदा झाला 2004 साली. त्याआधी टपालवालासुद्धा हा डोंगर चढून यायचा. वाटेत एक दगड लागतो. गावात दफनभूमी नव्हती तेव्हा शवपेटी शेजारच्या ब्योउर गावी न्यावी लागे, आणि खांदेकरी या दगडाशी जरा टेकत. मी एक पाण्याची बाटली आणि दोन केळी घेऊन तिथं धापा टाकत बसलो. मेलेल्या माणसाची ही यातायात, तर मुलगी बघायला पलीकडे कोण जाणार?

इथल्या आजच्या लोकांचे पूर्वज नवव्या शतकात आले. जनुकं तपासली तेव्हा दिसलं की मूळपुरुष बहुतेक स्कँडिनेव्हियाचे, बायका बहुतेक स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही 18 बेटांवर मिळून जेमतेम 5,000 माणसं होती. त्यात 1777 चा कायदा: पुरेशी जमीन नसेल तर लग्न करायचं नाही! म्हणजे निम्मी आडकाठी डोंगराची, निम्मी सातबाऱ्याची. उरलेल्यांनी सोयरीक करायची ती आसपासच. सगळं गावच भावकी.

बाईंच्या स्वयंपाकघरात गोळ्यांची बाटली होती. कार्निटिन. हे द्रव्य पेशीत चरबी जाळायला मदत करतं. ते पेशीत नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं आलं, तर हृदय उपाशी पडतं. काही धडधाकट तरुण अचानक गेले आणि मग बेटांवर घाऊक रक्ततपासणी झाली. साधारण 300 माणसांमागे एकाला हा आजार! उपाय मात्र साधा, रोजच्या गोळ्या.

"कार्निटिन मुख्यतः मांसातून मिळतं," बाई माझ्या ताटातल्या उकडलेल्या बटाट्यांकडे बघत म्हणाल्या. "मी तुमच्यासारखी शाकाहारी असते तर कधीच गेले असते."

त्यांची सून थायलंडची. शेजारी बसलेला नातू बटाटे बाजूला सारून भात मागत होता.