आण्णांची काळी ट्रंक

आज १६ डिसेंबर. आण्णा गेल्यानंतरचा पहिला विजय दिवस. सकाळी त्यांची काळी ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, आत डांबरगोळ्यांचा वास.

१९७१च्या भारत-पाक युद्धात ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, 'जंगी पलटणी'त होते. आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढले. पण लढाईचं फार सांगायचे नाहीत. परत न आलेल्या सोबत्यांची नावं तेवढी घ्यायचे आणि गप्प व्हायचे.

पेन्शनीत आल्यावर मला सायकलवरून शाळेत सोडायचे. पावसात रेनकोट माझ्या अंगावर, स्वतः चिंब.

ट्रंकेच्या तळाशी माझी पत्रं निघाली. पहिलीतली, वाकड्या अक्षरांतली. 'आण्णा, सुट्टीवर कधी येनार?' एकूण एक जपलेली.

आईला वाचून दाखवली. म्हणाली, "होती तशीच घडी घालून ठेव."