आमची वाटचाल : पाहणी करणाऱ्याने विकू नये

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील पतसंस्थांची डिजिटल सज्जता तपासून देणे हा आमच्या फर्मचा व्यवसाय आहे. २००९ साली ती सुरू करताना, सहकारी लेखापरीक्षणात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्या भागीदारांनी एक अट घातली होती : आपण सॉफ्टवेअर विकायचे नाही, यंत्रे विकायची नाहीत आणि विकणाऱ्याकडून कमिशनही घ्यायचे नाही. ती अट आम्ही आजवर मोडलेली नाही. पहिली काही वर्षे सुरळीत गेली.

कसोटी लागली ती नोटाबंदीनंतर. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा बाद झाल्या, १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या स्वीकारण्यास मनाई झाली आणि ज्या पतसंस्थांचा पैसा याच बँकांत होता त्यांच्याकडील रोकड आटली. त्यातून जरा सावरताच प्रत्येक संचालक मंडळाला ‘डिजिटल’ होण्याची घाई झाली. नेमक्या त्याच वेळी एक मोठी कंपनी आमच्या भागात उतरली. पाहणी फुकट, अहवाल चार दिवसांत आणि निष्कर्ष सगळीकडे एकच : संस्था सज्ज नाही, सज्ज व्हायचे असेल तर आमचे कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांचे व्यवहार एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, घ्या. आम्हाला फी देणाऱ्या संस्था एकामागून एक तिकडे गेल्या. आम्ही काउंटरवर बसून तयार केलेली प्रश्नावली त्यांच्या माणसांनी आमच्याच ग्राहकांकडून मिळवली आणि तिच्यावर स्वतःचे नाव छापले, हे मी विसरलेलो नाही. त्या वर्षी कर्मचाऱ्यांचे पगार मी राहते घर तारण ठेवून दिले.

फर्म वाचली ती तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांमुळे. संचालकांच्या सभेत त्यांनी त्या कंपनीला इतकेच सांगितले की, आमच्या गेल्या वर्षीच्या बॅकअपमधून एका दिवसाची किर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, उभी करून दाखवा. तशी तयारी कोणी केलेलीच नव्हती. आम्ही तो बॅकअप आमच्या लॅपटॉपवर उतरवला, किर्दीवरून खतावणी (खातेवही) आणि खतावणीवरून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींचा ताळा, जुळवली. रकमा पैशापर्यंत जुळल्या, मात्र जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली सभासदांची नावे बाहेर काढताच वाचता येईनाशी झाली. नावांचे रूपांतर पूर्ण होईपर्यंत नवे काहीही खरेदी करू नका, असे आम्ही लेखी दिले आणि त्या मंडळाने ते मानले. साहेबांनी पुढे आमचे नाव आणखी संस्थांना सुचवले. त्यांचे ऋण फिटण्यासारखे नाही.

म्हणून पाहणी करणारा निवडणाऱ्या संचालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. तुम्ही काहीच विकत घेतले नाही तर पाहणी करणाऱ्याचे उत्पन्न बुडते का, हे आधी विचारा. पिग्मी एजंट संध्याकाळी भरणा घेऊन येतात तेव्हा तो शाखेत थांबतो का आणि दिवसअखेर करताना रोखपालाला कोणती नोंद वहीत ठेवावी लागते हे पाहतो का, याकडे लक्ष द्या. साहेबांच्या केबिनमध्ये चहा घेऊन भरलेल्या तक्त्याला मी पाहणी म्हणत नाही. कामाच्या वेळेत मेन स्विच बंद करून इन्व्हर्टर आणि यूपीएस किती वेळ तग धरतात हे मोजायला त्याला सांगा. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवण्याचे बंधन सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ सालच्या निर्देशांत घातले आहे. रात्री दहा वाजता ते कळवणार कोण, त्या माणसाचे नाव त्याच्या अहवालात असले पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संस्था करार सोडेल तेव्हा तिची माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे कलम त्याने वाचलेले असावे. त्या मोठ्या कंपनीच्या करारात ते कलम नव्हते. पुढे तिच्यापासून वेगळे होऊ पाहणाऱ्या संस्थांच्या हाती स्वतःच्याच खात्यांची छापील पाने पडली. ती पाने नव्या प्रणालीत पुन्हा भरली जात असताना तेरीज जुळते की नाही, हे तपासण्याचे काम सध्या आमच्याकडे आहे.