जास्वंदीने मुळं धरली एकदाची!

आज सकाळी राहवलंच नाही. जास्वंदीची फांदी हळूच ओढून पाहिली, तर येईना! लावून ३२ दिवस झाले होते.

गेल्या खेपेच्या सहाच्या सहा कुजल्या. दोष माझाच, रोज पाणी घालत होते. जिला मुळंच नाहीत ती इतकं पाणी पिणार कशी, हे डोक्यातच आलं नाही. या वेळी पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर ५ फांद्या घेतल्या. डोळ्याच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) जरा खाली तिरका काप दिला, वरची दोनच पानं ठेवली, तीही अर्धी कापून. टोक कोरफडीच्या ताज्या गरात बुडवून ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये (कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा) खोचलं. वरून तळ कापलेली प्लास्टिकची बाटली, म्हणजे आतला दमटपणा टिकतो. मग सावलीत ठेवून विसरून जायचं. (मी रोज डोकावत होते, ते सोडा.)

मुळं फुटावीत म्हणून फांदीला दालचिनी किंवा मध लावायचं कौतुक सगळीकडे चालतं. दालचिनी बुरशीला अटकाव करते, मध जंतूंना, इतपत ठीक. पण मुळं फुटायला लागणारं ऑक्झिन हे संप्रेरक फांदी स्वतःच शेंड्यात आणि कोवळ्या पानांत बनवते. आपण फक्त तिला कुजू द्यायचं नाही.

तीन जगल्या. एक उपसून पाहिली: पांढरीशुभ्र, दोऱ्यासारखी मुळं, त्यातलं एक माझ्याच हाताने तुटलं. चौथीला दोन हिरवेगार कोंब आलेत, पण खाली काहीच नाही, नुसता पांढुरका फुगवटा. तिला गुपचूप परत खोचलंय. पाचवीबद्दल विचारू नका.