तुम्ही विचारलंत म्हणून: लायपोने किती किलो कमी होतं?

प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे म्हटल्यावर लग्नकार्यात, लोकलमध्ये, कुठेही कोणीतरी हळूच विचारतंच, ताई, लायपो केलं की किती किलो उतरतं? तर किलोचा हिशोब आधी डोक्यातून काढा. लायपोसक्शन म्हणजे बारीक छिद्रांतून नळी घालून चरबी ओढून काढणं, ते वजनासाठी नसतंच, आकारासाठी असतं, म्हणजे वजन आटोक्यात आहे पण कंबरेवरची नाहीतर मांडीवरची चरबी काही केल्या हलत नाही अशांसाठी. निघते ती फक्त कातडीखालची. आतड्यांभोवतीच्या चरबीने पोट पुढे आलं असेल तर तिथवर नळी जातच नाही, आणि बाळंतपणाने सैल झालेली कातडीही याने आवळत नाही. शुगर सुधारेल म्हणून तर करूच नका, 2004 मध्ये अमेरिकेत 15 लठ्ठ बायकांची नऊ-दहा किलो चरबी काढून बघितली, तरी 10-12 आठवड्यांनी इन्सुलिन, बीपी, कोलेस्टेरॉल होतं तिथेच.

खरी तयारी हवी ती नंतरची. ऑपरेशनआधी आत सलाइन, भुलीचं औषध आणि रक्त कमी जावं म्हणून अ‍ॅड्रेनालिन भरतात, तेच पाणी पहिल्या रात्री छिद्रांतून गुलाबी होऊन झिरपतं, गाऊन भिजतो, चादर भिजते आणि नातेवाईक घाबरून बेल दाबतात, सिस्टर रक्त येतंय! बहुतेक वेळा ते पाणीच असतं, घरी गादीवर मेणकापड टाकून ठेवा. घट्ट गारमेंट, म्हणजे दाब देणारा अंगाबरोबरचा कपडा, साधारण चार ते सहा आठवडे घालायचा. पहिल्यांदा काढताना बसून काढा, सोबत कोणीतरी हवं, कारण दाब सुटला की डोळ्यांपुढे अंधारी येते. सूज एवढी असते की सुरुवातीला आधीपेक्षा जाड दिसता, बायका रडतात हो, पैसे वाया गेले म्हणून. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात, तोवर कातडी बधीर, मग मुंग्या.

पण झोपून राहू नका, रोज थोडं चाला. दम लागला, छातीत दुखलं, एकच पोटरी सुजली किंवा ताप आला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवीवालेच बघा, भूलतज्ज्ञ कोण ते विचारा, आणि पाच लिटरच्या वर काढायचं म्हणत असतील तर रात्री अ‍ॅडमिट ठेवणार का तेही. एका दिवसात सगळं अंग बारीक करून देतो म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. रक्त पातळ करायच्या गोळ्या, सिगरेट, तंबाखू, मिश्रीसुद्धा, सगळं डॉक्टरांना खरं सांगा, सासूबाईंसमोर लाज वाटत असेल तर त्यांना बाहेर बसवायला आम्हाला सांगा, आम्ही बसवतो.