कालाकुंडचा कलाकंद आणि चार बोगदे

पाऊस लागला की आमच्या आईला इंदूरजवळच्या कालाकुंडची आठवण येते. ती तसं सांगत नाही. नुसतं म्हणते, "पातालपाणीच्या धबधब्याला पाणी आलं असेल नाही आता?" मग तिकिटं काढायची. यंदा भाच्यानं आठवडाभर आधीच काढून ठेवली आणि श्रावणातल्या एका रविवारी आई, मी आणि तो असे तिघं निघालो. निघताना पोह्यांचा डबा घेतला, वर सेव आणि जिरावणाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची, वेगळी पुडी. सेव आधी घातली तर मऊ पडते, म्हणून ती आयत्या वेळी घालायची, हा आईचा नियम.

इंदूरहून राऊ, मग महू, आणि महू मागे पडलं की रस्ता एकदम हिरवा होतो. तासाभरात पातालपाणी स्टेशन. पाचव्यांदा आले की सहाव्यांदा, आता मोजत नाही. पण ती छोटी गाडी फलाटाला लागलेली दिसली की अजूनही पावलं आपोआप भराभर पडतात.

ही गाडी म्हणजे पातालपाणी ते कालाकुंड धावणारी हेरिटेज ट्रेन, डिसेंबर 2018 मध्ये सुरू झालेली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. मोठमोठ्या काचांचे एसी डबेही आहेत, पण आम्ही साध्या डब्यातच बसतो. तिथली खिडकी उघडते. घाटातून जाताना ओल्या मातीचा वास, धबधब्याचे तुषार, बोगद्यातला गारवा हे सगळं काचेआडून कसं मिळणार?

आईचं माहेर अकोल्याचं. तिच्या लेखी ही सहलीची गाडी नाहीच, ही माहेरची वाट आहे. इंदूर-महू-खंडवा-अकोला अशी मीटरगेज होती तेव्हा दर मे महिन्यात आम्ही याच रुळांवरून आजोळी जायचो. एक मीटर रुंदीचे रूळ, अरुंद बाकं, मधे ट्रंक आणि ट्रंकेवर आम्ही मुलं. खिडकीत डोकं घातलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचा आणि आई पदराच्या टोकानं तो अलगद काढायची. होळकरांच्या इंदुरात रेल्वे यावी म्हणून महाराजा तुकोजीराव दुसरे यांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं, आणि त्यातून हा खंडवा-इंदूर मार्ग झाला. लहानपणी आजोबांकडून हे ऐकलं की मला वाटायचं, म्हणजे ही आपलीच गाडी. तसं अजूनही वाटतं.

गाडी सुटली आणि थोड्याच वेळात टंट्या मामाच्या देवळापाशी थांबली. निमाडातल्या या भिल्ल वीराला इंग्रजांनी 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपूरला फाशी दिली, आणि त्याचं शव इथे रुळांजवळ आणून टाकलं असं लोक सांगतात. मामाला सलामी दिल्याशिवाय गाडी घाट उतरत नाही, ही इथली श्रद्धा. रेल्वेतले जाणकार म्हणतात की उतार सुरू होण्याआधी ब्रेक तपासायला थांबावंच लागतं. मला दोन्ही पटतं. आईनं नेहमीप्रमाणे हात जोडले. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी टोपी काढली. भाचा एकविसाव्या वर्षाचा, फोनवर काहीतरी बघत होता, पण त्यानंही मान वर करून क्षणभर डोळे मिटले. ते मला फार आवडलं.

पुढे धबधबा. चोरल नदी सुमारे 300 फुटांवरून कुंडात कोसळते. गाडी इथे थांबते, लोक उतरून फोटो काढतात. आम्ही वरूनच पाहतो. 2011 च्या जुलैत वरून अचानक लोंढा आला आणि खाली पाण्यात उभी असलेली माणसं वाहून गेली. तो दिवस इंदूरकर विसरलेले नाहीत. तेव्हापासून आई कुंडाकडे उतरण्याचं नावही काढू देत नाही.

मग बोगदे. चार आहेत. पहिल्याच्या अंधारात सगळ्या डब्यातली पोरं ओरडली, आणि आईनं माझ्या हातावर एक बोट टेकवलं. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तीन. मी पाच-सहा वर्षांची असताना अंधाराला घाबरायचे, तेव्हा ती अशीच बोटं टेकवून मोजायची, म्हणजे अजून किती उरले ते मला कळायचं. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बोटांची कातडी पातळ, गार झाली आहे. चौथ्या बोगद्यात चार बोटं टेकली आणि उजेड झाला तरी तिनं हात तसाच ठेवला.

कालाकुंडला उतरल्यावर पहिलं काम म्हणजे कलाकंद. पूर्वी इथून वर जाणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जास्तीचं इंजिन लावायचे. त्यात वेळ जायचा, आणि तेवढ्यात प्रवासी कलाकंद घ्यायचे. तो मिळतो अजून, पळसाच्या पानाच्या द्रोणात. दूध आटवून आटवून दाणेदार झालेलं, रंग किंचित तांबूस, साखर बेताची. कोमट असताना पानाला जिथे चिकटतो तिथे पळसाचा एक हिरवट वास लागतो, तो मला जगातल्या कुठल्याच मिठाईत सापडलेला नाही. आईनं बोटानं द्रोणाचा तळ पुसून घेतला. नंतर नदीकाठी झाडाखाली बसून पोहे खाल्ले, सेव आयत्या वेळीच घातली. पाऊस भुरभुरत होता. दोन तास आम्ही फारसं बोललोही नाही.

खंडव्याकडची मीटरगेज आता बंद आहे. नवा ब्रॉडगेज मार्ग हा घाट टाळून दुसरीकडून वळवला आहे. त्याची गरज आहे, अकोल्याला थेट गाडी मिळाली तर मलाच आनंद होईल. पण हे दहा किलोमीटर राखून ठेवले याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

रात्री घरी आल्यावर आईनं अकोल्याला मामाला फोन लावला. तब्येतीची चौकशी झाली, पावसाची झाली.

"आणि कलाकंद?" मामानं विचारलं.

"आणलाय दोन द्रोण. पण तू येईपर्यंत टिकायचा नाही तो."

"मग पुढच्या पावसात मला घेऊन चल," मामा म्हणाला, आणि आईनं लगेच माझ्याकडे वळून विचारलं, "चार तिकिटं मिळतील ना गं?"